एकटीनं धक्क्याला लावता येईल ती बोट

वाचकाचं पत्र:

"वय ५७. नोकरीतून मोकळी होऊन वर्ष झालं. मुलगी तिच्या संसारात रमली आहे, माझ्यावर आता कुणाची जबाबदारी नाही. गेली ६ वर्षं एका मैत्रिणीच्या बोटीवर तिच्याबरोबर हिंडले, बोट चालवायला शिकले, बोटीवरून बोलायच्या व्हीएचएफ रेडिओचा परवानाही काढला. आता स्वतःची जुनी मोटर क्रूझर घ्यायची, बारा महिने तिच्यावरच राहायचं आणि एकटीनं फिरायचं, हे नक्की केलं आहे. नद्या, कालवे आणि हवा चांगली असेल तेव्हा किनाऱ्याकिनाऱ्यानं समुद्र. महासागर ओलांडायची हौस नाही.

दोन बोटी समोर आहेत. एक ४१ फुटी, २४ वर्षांची, ३००-३०० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं, वर फ्लायब्रिज (छपरावरची बोट चालवायची जागा), खाली झोपायच्या ३ खोल्या. आतून चकचकीत, आणि इंजिनं फक्त ४०० तास चाललेली. दुसरी ३२ फुटी, ३० वर्षांची, एकच डिझेल इंजिन, संथ, दिसायला साधी. इंजिन ३,६०० तास चाललेलं. किंमत जवळजवळ सारखीच. दादा म्हणतो मोठी घे, एक इंजिन बंद पडलं तर दुसरं आहे, आणि कायमचं राहायचं तर जागा हवीच. खोटं कशाला बोलू, मलाही मोठीच आवडली आहे. माझा उजवा खांदा थोडा अधू आहे, एवढंच. तुमचं मत कळवाल का?"
— एक वाचक

ताई, नमस्कार.

मत मागितलंत, तर आधी तेच सांगते. ४१ फुटी घेऊ नका. ३२ फुटी घ्या असं मात्र आजच म्हणणार नाही, कारण जुन्या बोटीचं पोट उघडून बघितल्याशिवाय तिच्याबद्दल बरं-वाईट काहीच बोलता येत नाही.

तुम्ही खोल्या मोजून सांगितल्यात, इंजिनांचे तास सांगितलेत, आणि खांद्याचं दुखणं अगदी शेवटी, "एवढंच" म्हणून. मी पत्र वाचायला तिथूनच सुरुवात केली. एकट्या माणसानं बोट आपल्या हातापायांच्या मापानं घ्यावी लागते.

मी ११ वर्षं बोटीवर राहते आहे आणि पहिली बोट घेताना तुमच्यासारखीच मोठीच्या प्रेमात पडले होते. ३८ फुटी, उंच, वर फ्लायब्रिज. तिसऱ्या महिन्यातली एक संध्याकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. वारा धक्क्याकडून पाण्याकडे वाहत होता, फार नाही, १५-१६ नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक समुद्री मैल, सुमारे १.८५ किलोमीटर). बोट धक्क्यापासून हातभर अंतरावर आणली, गिअर न्यूट्रलला टाकला आणि खाली निघाले. शिडीच्या ७ पायऱ्या, त्या उतरताना पाठ धक्क्याकडे. मग बाजूच्या अरुंद वाटेनं, रेलिंग धरत पुढे. दोर हातात घेऊन मान वर केली तोवर मधे दोन मीटर पाणी पडलं होतं. मी उडी मारली. मारायला नको होती. घोटा मुरगळला, दोर हातातच राहिला आणि १० टनांची बोट वाऱ्यावर मला ओढत धक्क्याच्या कडेपर्यंत घेऊन गेली. शेजारच्या बोटीवरचे एक गृहस्थ धावत आले, त्यांनी दोर घेऊन लोखंडी खुंट्याला दोन वेढे टाकले तेव्हा ती थांबली. पुढच्या वर्षी मी ती विकली. बोटीत खोट नव्हती. ती दोघा-तिघांनी हाकायची बोट होती आणि मी एकटी होते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि तो जोर बोटीच्या पाण्यावर दिसणाऱ्या सगळ्या भिंतीवर पडतो. फ्लायब्रिजवाली उंच बोट म्हणजे वाऱ्यासमोर उभी केलेली भिंतच. ती हातानं ओढून धरणं निरोगी खांद्यालाही जमत नाही. म्हणून एकट्यानं ओढाओढ करायची वेळच येऊ नये अशी बोट निवडायची, आणि तशी बोट ओळखता येते.

पहिली खूण म्हणजे सुकाणूच्या अगदी शेजारी बाहेर उघडणारं दार. दुसरी, त्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की दोन पावलांत हाताशी येणारी, बोटीच्या मध्यावरची भक्कम क्लीट, म्हणजे दोर बांधायची खुंटी. तिसरी, बोटीच्या कडेवरून धक्क्यावर उडी न मारता पाय ठेवून उतरता येईल एवढीच उंची. बाजूची वाट इतकी रुंद हवी की सरळ चालत पुढे जाता येईल, खेकड्यासारखं आडवं सरकावं लागणार नाही. तुम्ही दोन्ही बोटींवर पुन्हा जा. सुकाणूच्या खुर्चीतून उठून मधल्या क्लीटला हात लावेपर्यंत किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा, किती पायऱ्या येतात तेही मोजा. ५ सेकंदांच्या आत आणि एकही शिडी नाही, तर ती बोट तुमच्या कामाची.

त्या क्लीटवर माझा एवढा जीव का, ते सांगते. मधल्या क्लीटला एक दोर आधीच बांधून ठेवायचा, त्याच्या दुसऱ्या टोकाला मोठा फास. धक्क्याला बोट टेकत आली की दारातून हात बाहेर काढून तो फास धक्क्यावरच्या खुंट्यात अडकवायचा. खुंटा क्लीटच्या थोडा मागे असला पाहिजे. आत येऊन सुकाणू धक्क्याच्या उलट दिशेला पूर्ण वळवायचं आणि इंजिन पुढच्या गिअरमध्ये, अगदी कमी वेगावर ठेवायचं. दोर ताणला जातो, बोट पुढे जाऊ शकत नाही, आणि पाण्याखालच्या सुकाणूच्या पात्यावर आदळणारं पंख्याचं (प्रॉपेलरचं) पाणी तिचा मागचा भाग धक्क्याकडे दाबून धरतं. बोट धक्क्याला चिकटून उभी राहते. गिअर तसाच ठेवून तुम्ही शांतपणे खाली उतरायचं, पुढचा दोर बांधायचा, मागचा बांधायचा, मग इंजिन बंद. खांद्याला कसलाही ताण नाही. मैत्रिणीच्या बोटीवर हे शांत हवेत वीसेक वेळा करून बघा, हात बसेल.

एक बारकावा राहिला. एका इंजिनाच्या बोटीचा पंखा कुठल्या दिशेनं फिरतो ते विचारा. मागून बघताना पुढच्या गिअरमध्ये तो उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरत असेल, तर रिव्हर्स टाकल्यावर बोटीचा मागचा भाग डावीकडे सरकतो. अशा बोटीला डाव्या बाजूनं धक्क्याला लागणं सोपं जातं. आता दार कुठल्या बाजूला आहे ते बघा. दार उजवीकडे असेल तर रिव्हर्स देताना बोट नेमकी दाराच्या बाजूनं धक्क्यापासून दूर जाते, आणि मग हा मधला दोर आणखीच गरजेचा होतो. बो थ्रस्टर, म्हणजे बोटीचं नाक बाजूला ढकलणारा छोटा पंखा, बसवलेला असेल तर उत्तम. नसेल तर नंतर बसवता येतो. पण त्याच्या भरवशावर बोट मोठी घेऊ नका. त्याची मोटर सलग फार वेळ चालत नाही, तापली की बंद पडते.

आता दादांच्या म्हणण्याकडे येते, कारण त्यात तथ्य आहे. दोन इंजिनं असली की एक पुढे, एक मागे टाकून बोट जागच्या जागी वळवता येते, आणि एकाचा पाण्याचा पाइप फुटला तर दुसऱ्यावर घरी येता येतं. पण डिझेल इंजिन भर समुद्रात बंद कशानं पडतं? बहुतेक वेळा टाकीतल्या कचऱ्यानं आणि पाण्यानं. शांत पाण्यात तळाशी बसलेला गाळ लाटांमध्ये ढवळला जातो आणि फिल्टर तुंबतो. दोन्ही इंजिनं सहसा त्याच टाक्यांमधलं, त्याच वेळी भरलेलं डिझेल पितात, त्यामुळे एकामागोमाग एक बंद पडलेली मी पाहिली आहेत. शिवाय संथ बोटीचा एकच पंखा जाड कण्याच्या आड, मागे असतो. जोड इंजिनांचे दोन पंखे दोन बाजूंना उघडे लोंबतात आणि तरंगता दोर किंवा लाकूड त्यांनाच आधी लागतं. ४१ फुटीच्या इंजिनखोलीत तुम्ही स्वतः उतरलात का? नसाल तर उतरा. दोन इंजिनांच्या मधे बसून त्यांच्या बाहेरच्या बाजूला, बोटीच्या भिंतीकडे हात पोचतो का ते बघा. तिथेच एखादा फिल्टर किंवा पंप असतो, आणि तो बदलायला अधू खांदा डोक्याच्या वर नेऊन पिरगाळावा लागतो. प्रत्येक ऑइल, प्रत्येक फिल्टर, प्रत्येक इंपेलर (थंड करायचं पाणी खेचणारं रबरी चाक) दोनदा.

वेगाचा हिशेबही मांडते. पाणी कापत जाणाऱ्या संथ बोटीचा वेग तिच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४. तुमच्या ३२ फुटीची पाण्यातली लांबी २९ फूट धरली तर ७.२ नॉट येतात. त्यापुढे कितीही जोर लावा, ती आपल्याच लाटेत मागे टेकून डिझेल जाळत बसते. साडेसहा नॉटला तिला पंचवीस-तीस अश्वशक्ती पुरते, आणि डिझेल इंजिन दर ४ अश्वशक्तीमागे तासाला साधारण एक लिटर घेतं. म्हणजे समुद्री मैलाला एक लिटरच्या आसपास. ४१ फुटी पाण्यावर उचलून १८ नॉटनं पळवायची तर ४०० अश्वशक्ती तरी लागेल, तासाला ९० लिटरच्या पुढे, मैलाला ५ लिटर. हळू चालवली तर खर्च उतरतो हे खरं, पण मग ती भलीमोठी इंजिनं सतत अर्धवट तापून चालतात, जे त्यांना मानवत नाही, आणि वेगासाठी बांधलेलं सपाटसर बूड संथ वेगाला बाजूच्या लाटेवर जास्त डुलतं.

संथ म्हणजे कमकुवत असं वाटत असेल तर १९६३ साल आठवा. अमेरिकेच्या नौदलातले रॉबर्ट बीब यांनी स्वतः आराखडा केलेली ५० फुटी 'पॅसेजमेकर' सिंगापूरहून निघून, हिंदी महासागर ओलांडून भूमध्य समुद्रात नेली, ती एकाच डिझेल इंजिनावर. लांब पल्ल्याच्या मोटरबोटींचा विचार त्यानंतर पार बदलला.

आणि ते ४०० तास. २४ वर्षांत ४०० म्हणजे वर्षाला १७ तास. याला मी गुण मानत नाही. डिझेल इंजिन कामानं फारसं झिजत नाही, ते पडून राहून सडतं: सिलिंडरमध्ये गंज धरतो, रबराच्या सील सुकतात, जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंगला खातं, खाऱ्या पाण्यानं थंड होणाऱ्या भागात क्षार दगडासारखा बसतो. ३० वर्षांत ३,६०० तास म्हणजे वर्षाला १२०. ऑइल वेळच्या वेळी बदललं असेल तर असं इंजिन तेवढंच पुन्हा चालेल. पण "असेल तर" हे वहीत दिसलं पाहिजे. मालकाकडे कामाची वही, बिलं, तारखा आहेत का? ज्यानं ३० वर्षांच्या नोंदी ठेवल्या त्यानं बहुधा बोटही ठेवलेली असते.

आता ३२ फुटीची तपासणी. पहिल्या भेटीत फक्त नाक वापरा. बंद बोटीचं दार उघडल्या उघडल्या जो वास येतो तो खरा. खिडक्या उघडून, फुलं ठेवून तुम्हाला बोलावलं असेल तर पुन्हा न सांगता जा. कुबट वास म्हणजे वरून पाणी झिरपतंय. डिझेलचा वास म्हणजे टाकी किंवा नळी गळतेय. संडासाचा वास म्हणजे जुन्या नळ्यांच्या रबरातूनच तो बाहेर पडतोय, आणि त्या सगळ्या बदलाव्या लागतील. मग गाद्या उचला आणि खालच्या फळीवर तळहात ठेवा. खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यातलं लाकूड काळं पडलंय का, नखानं दाबलं तर दबतंय का, बघा. फरशीच्या फळ्या एकेक करून सगळ्या उचला. बोटीच्या पोटात नुकताच रंग दिला असेल तर मला तरी शंकाच येते.

फायबरच्या बोटीचं बाहेरचं कवच सहसा दणकट असतं. पाण्याखालच्या भागावर फोड दिसतील, टोचला तर आतून व्हिनेगरसारख्या आंबट वासाचं पाणी येईल. ऑस्मॉसिस म्हणतात त्याला. थोडे फोड असतील तर घाबरू नका, किंमत कमी करून घ्या. जास्त वाईट आहे ती डेकची दुखणी. डेक म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा किंवा प्लायवूडचं सारण. वरून पाणी शिरलं की हे सारण कुजतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. लाकडी मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं मुठीकडून ठोकत चला. कोरडा, टणक आवाज हवा. भद्द आवाज आला की तिथे खडूनं खूण करा. डेकवर सागवानाच्या पट्ट्या स्क्रूनं बसवलेल्या असतील तर जास्तच जपून बघा, कारण त्यातला प्रत्येक स्क्रू म्हणजे डेकला पाडलेलं एक भोक आहे. १९७०-८० च्या दशकांतल्या ट्रॉलर (मासेमारीच्या बोटीसारख्या) धाटणीच्या कित्येक बोटींवर हेच पाणी खालच्या लोखंडी डिझेल टाक्यांवर ठिबकत राहिलं आणि टाक्या वरून गंजल्या. तशी टाकी बदलायला फरशी कापावी लागते, कधी इंजिन बाहेर काढावं लागतं. म्हणून टाकी कशाची आहे, कुठे आहे आणि न कापता बाहेर निघते का, हे तीन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

पाण्याखालच्या कॉककडे मी सगळ्यांत जास्त वेळ देते. बोटीच्या तळाला समुद्राचं पाणी आत घेणारी आणि बाहेर सोडणारी जी भोकं असतात, त्यांवर बसवलेले हे कॉक. प्रत्येकाची मूठ स्वतःच्या हातानं फिरवून बघा. जाम असेल तर जोर लावू नका, सर्व्हेअरला (बोट तपासणाऱ्या तज्ज्ञाला) सांगा. हलका ओरखडा काढून धातूचा रंग बघा: पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला तर पितळेतलं जस्त निघून गेलंय, उरलेला धातू बिस्किटासारखा तुटतो. माझ्या दुसऱ्या बोटीवर असा एक कॉक सर्व्हेअरनं नुसता अंगठ्यानं ढकलला आणि तो त्याच्या हातात आला. बोट तेव्हा क्रेनवर होती, पाण्यात नव्हती. ३८ मिलिमीटरचं भोक पाण्याच्या ६० सेंटिमीटर खाली उघडं पडलं तर मिनिटाला १०० लिटरहून जास्त पाणी आत येतं. लहान बोटीवरचा नेहमीचा पंप त्यापुढे टिकत नाही. म्हणून बोट घेतल्यावर प्रत्येक कॉकशेजारी त्याच्या मापाची मऊ लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेवा.

इंजिन बघायला जाल तेव्हा आधी कळवा की ते थंड असतानाच सुरू करायचं आहे. गेल्यावर त्यावर हात ठेवा. कोमट लागलं तर परत दुसऱ्या दिवशी या. सुरू होताना थोडा धूर चालतो, मग तो गेला पाहिजे. काळा धूर राहिला तर हवा कमी पडतेय किंवा पंख्याचा भार जास्त आहे. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल, नाहीतर सिलिंडरमध्ये पाणी. मग पाण्यावर नेऊन १० मिनिटं पूर्ण वेगावर चालवायला लावा. इंजिन ठरलेले फेरे (आरपीएम) गाठतं का, आणि तापमानाचा काटा एका जागी थांबतो का चढतच राहतो, एवढं बघितलं तरी खूप कळतं. एक्झॉस्टच्या ज्या वाकड्या नळीत गरम धूर आणि पाणी एकत्र येतं ती शेवटची कधी बदलली तेही विचारा. ती आतून कुजते आणि खारं पाणी उलटं इंजिनात जातं.

हे सगळं तुम्ही बघितलंत तरी सर्व्हेअर लागेलच, बोट पाण्याबाहेर काढून. तो तुम्ही शोधा आणि पैसे तुम्ही द्या. विकणाऱ्यानं सुचवलेला नको. इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक घ्या, कारण बरेच सर्व्हेअर इंजिनाच्या पोटात शिरत नाहीत. विमा कंपन्याही जुन्या बोटीसाठी असा अहवाल मागतातच.

राहण्याबद्दल. तुम्हाला ३ खोल्यांचा मोह आहे तो मी समजू शकते. पण एकटीला त्यातल्या दोन वर्षभरात सामानानं भरतात, आणि त्या उबदार आणि कोरड्या ठेवण्याचा खर्च मात्र चालूच राहतो. बोटीवर राहणाऱ्याचा खरा शत्रू ओलावा. श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ थंड भिंतीवर जाऊन पाणी होते, गादीखाली बुरशी धरते. म्हणून भिंतींना आतून अस्तर आहे का, गादीखाली हवा खेळायला जागा आहे का, कोरडी उष्णता देणारा, धूर बाहेर सोडणारा हीटर आहे का, हे खोल्यांच्या संख्येआधी बघा. पलंगावर एका बाजूनं तरी सरळ चढता-उतरता यावं. पायथ्याकडून रांगत शिरायचा पलंग सुट्टीत चालतो, बारा महिने नाही. सुकाणूसमोर बसून चारही बाजूंना दिसतं ना? तिथेच तुमचा बराचसा दिवस जाणार आहे.

विजेचा हिशेब कागदावर करा. १२ व्होल्टचा फ्रीज दिवसाला ४०-५० अँपिअर-तास घेतो. दिवे, पाण्याचा पंप, फोन, लॅपटॉप धरून १०० पर्यंत जाईल. साध्या शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याहून खाली उतरवायच्या नसतात, तेव्हा दोन दिवस नांगरावर राहायचं तर ४०० अँपिअर-तासांची बॅटरी हवी. इंजिन सुरू करायची बॅटरी पूर्ण वेगळी ठेवा. ३२ फुटीच्या छपरावर ३०० वॉटचे सोलर पॅनेल मावतील आणि चांगल्या उन्हाच्या दिवशी गरज बरीचशी भागवतील. गॅसचं सिलिंडर बाहेर उघडणाऱ्या, तळाला निचरा असलेल्या कप्प्यातच हवं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या पोटात जाऊन बसतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पहिल्या रात्रीआधी लावा.

एकटीनं फिरताना मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती पाण्यात पडण्याची, आणि तीही धक्क्यावर किंवा नांगरावर असताना, कुणाचं लक्ष नसताना. पाण्यात असलेल्या माणसाला स्वतः ओढून खाली घेता येईल अशी शिडी बोटीला आहे का? बऱ्याच बोटींवर शिडी वरूनच सोडता येते, म्हणजे एकट्याला तिचा उपयोग शून्य. एकदा शांत, उथळ पाण्यात कपड्यांनिशी, लाइफ जॅकेट घालून, कुणालातरी धक्क्यावर उभं करून चढून बघा. खांद्याचा खरा अंदाज तिथे येईल. चालू बोटीवर किल कॉर्ड (तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी दोरी) मनगटाला आणि ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारं छोटं यंत्र) अंगावर. केबिनमध्ये टांगलेला नको. ऑटोपायलट घ्याच, चहा करता येतो. पण १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करविरोधी नियमांतला ५वा नियम प्रत्येक बोटीला सतत डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायला सांगतो. एकटं माणूस रात्रभर तो ठेवू शकत नाही. दिवसाउजेडी ६ तास, म्हणजे ४० मैल, एवढाच पल्ला आखा आणि संध्याकाळ नांगरावर काढा. नांगर चढवायला विजेचा विंडलास (नांगराची साखळी ओढणारं यंत्र) हवाच, त्याचं बटण सुकाणूपाशी असेल तर फारच छान.

कागदपत्रांचं थोडक्यात: मालकीची साखळी आणि बोटीवर फेडायचं राहिलेलं कर्ज, दोन्ही पैसे देण्याआधी तपासा. युरोपात १६ जून १९९८ पासून नव्यानं विकल्या जाणाऱ्या बोटींवर बोट किती वारा-लाट झेलेल ते सांगणारी ए ते डी दर्जाची पाटी असते. सी म्हणजे ६ बोफोर्टपर्यंत (बोफोर्ट हे वाऱ्याच्या जोराचं माप) वारा आणि २ मीटर लाट, बी म्हणजे ८ बोफोर्ट आणि ४ मीटर. तुमची ३२ फुटी त्याआधीची आहे, तिच्यावर पाटी नसेल तर त्यात वावगं काही नाही. आणि बोट घेण्याआधी तिला ठेवायची जागा नक्की करा. कित्येक मरिनांमध्ये (बोटी ठेवायच्या बंदरांमध्ये) कायमचं राहू देत नाहीत, आणि भाडं जवळजवळ सगळीकडे लांबीवर घेतात.

किमतीचा पाचवा भाग तरी हातात राखून ठेवा, पहिल्याच वर्षी लागेल.

आता लगेच करायचं ते असं. मालकाला सांगा की पाण्यावरची चाचणी १२ ते १५ नॉट वारा असलेल्या दिवशी हवी आहे. त्यांनी आत बसून राहायचं, हात लावायचा नाही. ३२ फुटी तुम्ही स्वतः तीनदा धक्क्याला लावायची, मधल्या दोरानं. तिसऱ्या वेळेला श्वास जागेवर असेल तर सर्व्हेअरला बोलवा. मालक तयार होणार नसेल, किंवा टाकीची नीट उत्तरं मिळाली नाहीत, तर दोन्ही सोडून तिसरी शोधायला लागा. मी मदत करीन. सर्व्हेअरचा अहवाल आला की त्यातलं डेकचं आणि कॉकचं पान मला पाठवा.